४२ मिनिटांत नाशिक

पुणे ते नाशिक हवाई अंतर १६५ किलोमीटर, विमानप्रवासाचा वेळ ४२ मिनिटे. ही माहिती इंटरनेटवर कोणालाही फुकट मिळते. तरी काही असंतुष्ट आत्मे विचारतातच, “पण विमान कुठाय?” अशा लोकांमुळे गणिताची प्रगती खुंटते.

हे ४२ आले कुठून, ते पाहण्यासारखे आहे. नकाशावर फूटपट्टी ठेवायची, येईल त्या अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागायचे. झाली १२ मिनिटे. त्यात चढण्या-उतरण्याची ३० मिळवायची. म्हणजे प्रवास १२ मिनिटांचाच, बाकीचा शिष्टाचार. या हिशेबात चाकणचा चौक येत नाही, तिथे खोळंबलेले कंटेनर येत नाहीत, नारायणगावच्या टोमॅटोचे टेम्पो येत नाहीत. आणि “गाडी दहा मिनिटं थांबेल” असे सांगून उतरलेला, अर्ध्या तासाने दात कोरत परतणारा कंडक्टर तर नाहीच नाही. रस्त्याचे २१० किलोमीटर एसटीला पाच-सहा तास पुरतात. तेवढ्या वेळात माणूस भुकेजतो, मिसळ खातो, संगमनेरपर्यंत पस्तावतो. आकड्याला पोट नाही.

मध्यंतरी ‘उडान’ योजनेत नाशिक-पुणे विमान खरोखरच सुरू झाले, तेव्हा या ४२ मिनिटांवर मोठे संकट आले होते. कोणीतरी घड्याळ लावून बसले असते तर? सुदैवाने ती सेवा बंद पडली.

हट्टाने विमानातच बसायचे असेल, तर दिल्लीमार्गे जावे. पुण्याहून दिल्ली हवेतून साडेअकराशे किलोमीटर, तिथून नाशिक हजाराच्या घरात. नाशिक पुण्याच्या नीट उत्तरेला आहे आणि दिल्लीही उत्तरेलाच, तेव्हा दिशा चुकली असे कोणी म्हणू शकत नाही. जरा पुढे गेलो, इतकेच. ओझरला उतरल्यावर शहर वीसेक किलोमीटर राहते. एवढे आल्यावर त्याचे काय!

रेल्वेनेही या आकड्याचा मान राखला आहे. दोन शहरांमध्ये थेट लोहमार्ग नाही. सुमारे २३५ किलोमीटरचा वेगवान मार्ग आखला गेला. पण वाटेत नारायणगावजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. गाडीमुळे तिच्या निरीक्षणात व्यत्यय येणार म्हणून हरकत निघाली. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी खोडदला बिनचूक पोचतात. नाशिकची गाडी तिथे कशाला मध्येच कडमडायची?

पुण्याच्या नव्या विमानतळासाठी आधी चाकण-खेडचा परिसर पाहिला होता. तो नाशिकच्या ऐन वाटेवर पडतो, म्हणून लोकांनी गैरफायदा घेतला असता. मग पुरंदर ठरले. म्हणजे पुढेमागे नाशिकचे विमान सुरू झालेच, तर उत्तरेला निघालेल्या माणसाने आधी दिवे घाट चढून दक्षिणेला जायचे. प्रवास कसा घरापासूनच सुरू झाल्यासारखा वाटेल.

मात्र आमच्या मते या शास्त्राची खरी उंची लहान गावांत दिसते. याच हिशेबाने मंचर ते सिन्नर विमानाने ३७ मिनिटे लागतात. दोन्हीकडे विमानतळ नाही, त्यामुळे उशीर होण्याचा प्रश्नच येत नाही.