श्री. दहापैकी सहा यांस



पत्रास कारण की, गेल्या रविवारी रात्री आठ वाजता आपल्या ग्रुपने 'कॉल ऑफ द व्हॅली' लावला आणि आठ वाजून नऊ मिनिटांनी तुमचा निकाल जाहीर झाला. "ओव्हररेटेड. स्पा म्युझिक. दहापैकी सहा." शेजारी खाली केलेला पिवळा अंगठा.

तुमच्या वेगाचं कौतुक करावं तेवढं थोडंच. मूळ रेकॉर्ड चाळीसेक मिनिटांची, त्यातला पहिलाच तुकडा बारा मिनिटांचा. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा अख्खा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत. तुम्ही सहा गुण दिलेत तेव्हा तो बिचारा अजून अहीरभैरवात होता. पिलू, भूप, देस, पहाडी सगळं व्हायचं होतं. लग्नाला जाऊन अक्षता पडायच्या आत जिलबी बेचव होती म्हणून सांगणारे पाहुणे मी पाहिलेत. पण त्यांनी निदान स्वयंपाकघरात डोकावलेलं तरी असतं.

तुम्ही ग्रुपमध्ये उशिरा आलात, म्हणून पूर्वपीठिका सांगते. 23 मार्च 2020 ला इथे ब्रिटनमध्ये लॉकडाउन जाहीर झाला आणि त्याच रात्री 'द शार्लटन्स'च्या टिम बर्जेसने ट्विटरवर मैफल मांडली: ठरल्या वेळी सगळ्यांनी आपापल्या घरी एकच अल्बम लावायचा आणि ऐकता ऐकता लिहायचं. पुढे अल्बम करणारे वादकही त्यात येऊन आठवणी सांगू लागले. आपला ग्रुप त्याचीच मराठी नक्कल. लेस्टर, मँचेस्टर, स्लाव, जिथे जिथे कुणी मराठी माणूस हेडफोन लावून बसलाय तिथून. चालू असताना लिहायला कुणाची ना नाही. "हा गिटार कोण वाजवतोय?" लिहा. "इथे तबला आला, बरं वाटलं" लिहा. निकाल मात्र शेवटचा सूर थांबल्यावर. एवढा एकच नियम आहे हो. फुलांचे सुप्रभात मी सहन केले, साडेचार मिनिटांचे व्हॉइस मेसेजही ऐकले. शफलवर अल्बम ऐकता हे तुम्ही अभिमानाने सांगितलंत तेव्हाही गप्प बसले. (टॉटनहॅमच्या अडेलने 2021 मध्ये स्पॉटिफायला अल्बमवरचं ते शफलचं बटण पुढून हटवायला लावलं. तिला तुमचा नंबर कुणी दिला होता कोण जाणे.)

आता स्पा म्युझिकबद्दल. 1967 साल. संतूरवर मींड निघत नाही म्हणून जाणकार नाक मुरडायचे, ते शिवकुमार शर्मा. मांडीवर आडव्या ठेवलेल्या गिटारवर राग वाजवायचं धाडस करणारे ब्रिजभूषण काबरा. बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. तिघेही तिशीच्या उंबरठ्यावरचे. तबल्यावर माणिकराव पोपटकर. आणि हे सगळं एका तबकडीत बसवणारे जी. एन. जोशी, वकिली सोडून एचएमव्हीत गेलेले, भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक. शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डला गोष्ट असू शकते, ही कल्पना या मराठी माणसाने राबवली. पुढे जगभर ज्याने त्याने त्या सुरांची पातळ आवृत्ती काढून मालिश करताना वाजवली, त्याला जोशी काय करणार? आजोबांचा चेहरा नातवासारखा दिसतो म्हणून आजोबांचे गुण कापणारे तुम्हीच.

आणि गंमत अशी की तुम्ही राहता लंडनमधल्या हेजला. एचएमव्हीचा कारखाना तिथलाच. बीटल्सच्या रेकॉर्डी तिथेच छापल्या जायच्या. आता त्या आवारात फ्लॅट झालेत. त्या मातीचा तुमच्यावर काही परिणाम होईल अशी माझी भाबडी आशा होती.

पटत नसेल तर म्हणा ना पटत नाही! माझं भांडण सहाशी नाहीच. आपल्याकडे एकाने आशाबाई आणि अली अकबर खाँसाहेबांच्या 'लेगसी'ला चक्क कंटाळवाणं म्हटलं होतं. पण कुठल्या बंदिशीत कंटाळा आला, आवाज कुठे चाचपडतोय असं वाटलं, हे त्याने ओळीने लिहिलं. त्याच्याशी मी मध्यरात्रीपर्यंत भांडले, आणि ती या ग्रुपवरची माझी सर्वांत आनंदाची रात्र. पहिल्या ऐकण्यावर कुणाचाच भरवसा नसतो. आशाबाईंवरचंच कॉर्नरशॉपचं गाणं 1997 मध्ये या देशाच्या यादीत साठाव्या क्रमांकावर अडकलं होतं. फॅटबॉय स्लिमने त्याला नवा ठेका दिला आणि फेब्रुवारी 1998 मध्ये तेच पहिल्या क्रमांकावर. मत बदलायला ब्रिटनला निदान ठेका तरी लागला. तुम्हाला मत करायलाच काही लागत नाही.

इथपर्यंत मी हसत लिहिलं. आता हसत नाही.

आठ वाजून आठ मिनिटांनी लेस्टरच्या आपल्या काकूंच्या नावाखाली 'टायपिंग' दिसत होतं. त्या ग्रुपवर कधी लिहीत नाहीत. ऐकतात, आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करून तासभर बोलतात. त्यांच्याइतका कान आपल्यात कुणालाच नाही. त्या रात्री पहिल्यांदाच लिहीत होत्या, बराच वेळ. तुमचं "दहापैकी सहा" पडलं आणि ते 'टायपिंग' थांबलं. पुन्हा दिसलंच नाही. सोमवारी विचारलं तर म्हणाल्या, "अगं, मला कुठे त्यातलं कळतं? तुमच्यात जाणकार लोक आहेत." जाणकार! ज्याने बारा मिनिटांचा एक तुकडा ऐकला नाही तो जाणकार, आणि जिने हयातभर गाणं ऐकलं तिला कळत नाही! त्या बासरीबद्दल काय लिहिणार होत्या, हे आता कुणालाही कळणार नाही. तुमच्या एका अंगठ्याने ते खाल्लं. लाज वाटू द्या.

बसले होते तुम्हाला ग्रुपमधून काढायला. मग मार्चमधला तुमचा एक मेसेज दिसला, चुकून इकडे पडलेला, बहुधा बायकोसाठी लिहिलेला: वर्षभर राबून ऑफिसात पाचपैकी तीन मिळाले, आणि साहेबाने तुमचा रिपोर्ट उघडलाही नव्हता. तुम्ही तो घाईघाईने डिलीट केलात, पण मी वाचला होता. तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतंय. न वाचता तीनवर टिक करणाऱ्या त्या माणसाला मी मनातल्या मनात काय काय बोलले, ते ग्रुपवर लिहिता येणार नाही. मग जे तुमच्या वाट्याला आलं तेच शिवकुमारांच्या वाट्याला का देता? तुम्ही तरी उघडून बघा की हो.

म्हणून काढत नाही. येत्या रविवारी आठला किशोरीताईंचा भूप आहे. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचा. आलाप सुरू असताना स्वयंपाकघरात जायचं नाही. रेकॉर्ड संपल्यावर पहिलं मत तुमचं, पण आकड्यात नाही. एक जागा सांगायची, जिथे कान टवकारले किंवा जांभई आली. कुठलीही चालेल. काकू दुसऱ्या लिहितील, मी त्यांना तसं कळवलंय.

कळावे, लोभ असावा.

आपली,
ग्रुपची ॲडमिन

ता. क. या पत्राला किती गुण ते कळवू नका. तिसऱ्या परिच्छेदातच दिले असतील, माहीत आहे.