तू काय बाई, घरीच!

माझा वाढदिवस 1 जूनला असतो. शाळेच्या दाखल्यावरचा. माझ्या पिढीच्या, खेड्यातून आलेल्या माणसांत दर दुसऱ्याचा हाच असावा. शाळा जूनमध्ये उघडायची आणि नाव घालायला आलेल्या बापाला मुलीच्या जन्माबद्दल ‘पोळ्याच्या आदल्या दिवशीची, पाऊस लागला होता’ एवढंच ठाऊक असायचं. सिन्नर तालुक्यातले आमचे हेडमास्तर मग एकदा मुलीकडे, एकदा रजिस्टराकडे बघत आणि 1 जून लिहून टाकत. वयही भरायचं, कागदही भरायचा.

या सोयीचा हिशेब साठ वर्षांनी लागतो. पहिल्या तारखेला जन्मलेला नोकरदार आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे 31 मे ला राज्यभर शाल-श्रीफळांची झुंबड उडते. राज्य सरकारवाले 58 व्या वर्षी सुटतात, आम्ही बँकवाले 60 व्या. माझा 31 मे 2025 हा शनिवार निघाला, तोही महिन्यातला पाचवा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकांना सुट्टी असते, पाचवा कामाचा. म्हणजे शेवटच्या दिवशीसुद्धा फुकटची रजा नाही. पोळा खरा धरला असता तर आणखी तीन महिन्यांचा पगार मिळाला असता. मास्तर आता हयात नाहीत, त्यामुळे वसुलीचा प्रश्न मिटला.

1988 साली मी बँकेत लागले तेव्हा काउंटरवर पितळी टोकनं होती आणि लेजर उचलायला दोन्ही हात लागायचे. पुढे कॉम्प्युटर आले, नोटाबंदी आली, बोटांना शाई लावून झाली. पण माझं आयुष्य चालवणाऱ्या गोष्टी पहिल्यापासून दोनच: सकाळी डोंबिवलीची लोकल आणि वर्षाला मार्च एंडिंग. आपल्या आयुष्यात कशाला किती महत्त्व द्यायचं याचा विचार माणसं करतात, असं मी मासिकांत वाचलं होतं. आमच्याकडे तो मध्य रेल्वेने करून ठेवलेला होता.

उदाहरण पाडव्याचं घ्या. 2025 चा पाडवा 30 मार्चला, रविवारी आला. दुसऱ्या दिवशी ईद होती, पण सरकारी भरणा घेणाऱ्या शाखा रिझर्व्ह बँकेच्या हुकमाने 31 ला उघड्या. त्या वर्षी गुढी उभी करताना साखरेच्या गाठीऐवजी माझ्या डोळ्यांपुढे चलनांचे गठ्ठे होते. आमच्या घरच्या गुढ्या कायम अशाच, हजेरी लावून पळणाऱ्या. यंदा पाडवा 19 मार्चला आला आणि मी चक्का घरी बांधला. 31 तारखेला दुपारी जेवून झोपले. चारला जाग आली तेव्हा छाती धडधडत होती, काहीतरी टॅली व्हायचं राहिलंय म्हणून. मग आठवलं, आणि पुन्हा झोपले. साऱ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं सुख मला नोकरी संपल्यावर, त्या पंधरा मिनिटांत मिळालं.

निवृत्तीनंतर काय काय करायचं त्याची यादी माझ्याकडे तयार होती. सगळ्यांकडे असते. लेडीज डब्यात मेथी निवडता निवडता आम्ही या याद्या एकमेकींना ऐकवत असू. माझ्या यादीत पेटी शिकणं होतं, मोडी लिपी होती, ज्ञानेश्वरी संथपणे वाचणं होतं आणि नर्मदा परिक्रमाही होती. परिक्रमा सगळ्यांच्याच यादीत असते. ती लिहायला सोपी आहे.

मोडीच्या वर्गाला मी खरंच गेले. अक्षरं चटकन बसली, कारण जन्म लोकांच्या सह्या वाचण्यात गेला होता. महिन्याभराने सरांनी वाचायला जुन्या कागदांच्या झेरॉक्स दिल्या. मला वाटलं, आता लढाया, तह, निदान एखादं भाऊबंदकीचं भांडण तरी निघेल. वाचते तो जमाखर्च! तूप इतकं, दाणा इतका, बाकी इतकी. दप्तरखान्यांत असले कागद ढिगाने आहेत म्हणे. पेशवाईतल्या कुणा कारकुनाची बेरीज मी नकळत तपासून पाहिली. ती बरोबर आली. त्या भल्या माणसाला मनातल्या मनात सही ठोकून दिली आणि वर्ग सोडला.

पेटी अजून आहे. तिच्यावर सध्या इस्त्रीचे कपडे असतात.

पुष्कळ दिवस मला याचं वाईट वाटत होतं. मग लक्षात आलं की ती यादी करणारी बाई वेगळी होती. ती दिव्याला खांद्यांच्या मधून मान वर काढून श्वास घ्यायची, मुंब्र्याला पाय बदलायची आणि कुर्ल्यापर्यंत चौथी सीट मिळाली तर स्वतःला भाग्यवान समजायची. तिला पेटी नको होती, बसायला हवं होतं. खिडकी हवी होती. मला आता बसायला भरपूर मिळतं, त्यामुळे पेटीची निकड उरली नाही. थकलेल्या माणसाने केलेल्या याद्या ताज्यातवान्या माणसाने पाळाव्यात, असा कुठे कायदा आहे?

शिवाय निवृत्त बाईला वेळ असतो, हा समज ज्यांनी पसरवला ते निवृत्त पुरुष असावेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात शेजारीण दारात आली, ‘काकू, तुम्ही काय आता घरीच ना? माझं पार्सल येईल, घेऊन ठेवाल?’ ठेवलं. आठवडाभरात मजल्याची आणि गणपतीपर्यंत अख्ख्या विंगेची पार्सलं माझ्याकडे यायला लागली. कुरिअरची पोरं आता बेलवरचं नाव वाचतही नाहीत. गॅसवाला यायचाय, प्लंबर यायचाय, मावशीला डॉक्टरकडे न्यायचंय, भाचीच्या केळवणाचा मेन्यू ठरवायचाय. प्रत्येक फोनची सुरुवात त्याच पालुपदाने: ‘तू काय बाई, घरीच!’ सोसायटीने तर वार्षिक सभेत मला न विचारता खजिनदार केलं. सूचक आणि अनुमोदक दोघेही माझ्याकडे पार्सल ठेवणारे.

घरात वेगळाच पेच होता. हे माझ्या दोन वर्षं आधी निवृत्त झालेले. त्या दोन वर्षांत स्वयंपाकघर त्यांनी बिनबोभाट ताब्यात घेतलं होतं. डाळींच्या डब्यांवर लेबलं चिकटली होती. चहाला आलं किती याचा निर्णय झालेला होता. मी सकाळी निवांत ओट्याशी उभी राहिले तर हे मागून म्हणाले, ‘अगं, तुला काही हवंय का?’ माझ्याच घरात! मीही काउंटरच्या पलीकडून आल्यासारखी म्हणून गेले, ‘नाही, सहज आले होते.’ वाटाघाटी पावसाळाभर चालल्या. सध्या सकाळचा चहा आणि भाजी त्यांच्याकडे, पोळ्या आणि सणवार माझ्याकडे. पेपरातलं शब्दकोडं संयुक्त खात्यावर आहे.

एक गोष्ट मात्र मी सोडू शकलेले नाही. आमच्या लोकलच्या मैत्रिणींचा ग्रुप. ‘गाडी दहा मिनिटं लेट’, ‘आज इंडिकेटर बंद’ हे मेसेज मी अजून रोज सकाळी सगळ्यांत आधी वाचते. ज्या गाडीत मला चढायचं नाही तिच्या उशिराने माझा जीव खालीवर होतो. 9 जूनच्या सोमवारी, म्हणजे मला घरी बसून जेमतेम आठवडा झाला होता, मुंब्र्याजवळ दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडली. काहींचे जीव गेले. त्या सकाळी मी ओट्यापाशी फोन धरून उभी होते आणि ग्रुपवर एकेकीचं ‘पोचले’ येत होतं. सगळ्या पोचल्याचं कळायला अकरा वाजले. यांनी काही न बोलता चहा पुढे केला. आलं जरा जास्तच होतं.

या वर्षात मला आणखी एक शोध लागला: आपण म्हातारे झालो की नाही, यावर सरकारी खात्यांत एकमत नाही. बँक मला ज्येष्ठ मानते आणि मुदत ठेवीवर साधारण अर्धा टक्का जास्त देते. माजी कर्मचारी म्हणून वरचा टक्का वेगळा, पण तो मायेचा. आयकर खात्याच्या लेखीही साठ म्हणजे ज्येष्ठ. रेल्वेच्या दृष्टीने मात्र मी अजून तरुणच. लांबच्या गाड्यांना बायकांना 58 व्या वर्षापासून अर्ध्या तिकिटाची सवलत होती, ती मार्च 2020 मध्ये बंद झाली. मी अठ्ठावन्नाची झाले 2023 मध्ये. आणि एसटीचा कारभार सगळ्यांत उदार. 17 मार्च 2023 पासून सरसकट बायकांना अर्धं तिकीट, वय विचारायचं नाही. साहजिकच मी आता माहेरी एसटीने जाते. कंडक्टरने ‘अर्धं’ म्हणताना चेहरा निरखला नाही, तर तेवढाच मान.

राहिली पेन्शन. तिचा तिसरा हिस्सा मी विकून टाकला, म्हणजे एकरकमी पैसे घेतले. तो हिस्सा पंधरा वर्षांनी पुन्हा चालू होतो. पंच्याहत्तरी गाठण्याचं इतकं ठोस कारण माझ्याजवळ आधी नव्हतं.

आणि मग नोव्हेंबर आला. पेन्शनवाल्यांचा खरा सण दिवाळी नव्हे, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. काउंटरच्या आतल्या बाजूने मी तो वर्षानुवर्षं पाहिलाय. समोर माणूस धडधाकट उभा असतो, कण्हत असतो, भांडतसुद्धा असतो आणि आपण त्याला म्हणायचं, ‘आजोबा, जिवंत असल्याचा फॉर्म भरा.’ आता ते मोबाइलवर होतं. चेहरा समोर धरायचा आणि सांगितल्यावर डोळे मिचकवायचे. स्वतःचं झाल्यावर मी खाली बागेतल्या बाकावर एका काकांचं करून दिलं. दुसऱ्या दिवशी बाकावर रांग. ऐंशीच्या पुढच्यांना 1 ऑक्टोबरपासूनच सोय असते हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते नोव्हेंबरच्या गर्दीत आणि रागात.

महिनाभर रोज संध्याकाळी माझी शाखा त्या बाकावर भरली. कुणाचे डोळे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिचकत नव्हते, कुणी एक डोळा मिचकवून दाखवत होतं आणि मागे उभ्या बायका हसत होत्या. पेन्शनचा पीपीओ नंबर पाकिटातल्या देवाच्या फोटोमागे सापडे. बी विंगच्या आजींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. त्यांच्यासाठी प्रश्न होता: पुनर्विवाह केला आहे का? आजी पंच्याऐंशीच्या. मी चाचरत विचारलं. त्या म्हणाल्या, ‘स्थळं बघतेय म्हणून लिही.’ तसा पर्याय नव्हता.

मला कुणी विचारलं असतं, की निवृत्तीनंतर तुला सर्वांत जास्त काय आवडेल, तर ‘पुन्हा लोकांचे फॉर्म भरायला’ हे मी कधीच म्हटलं नसतं. नोकरीत या कामाचा मला कंटाळा होता. आज विचार करते तेव्हा वाटतं, कंटाळा फॉर्मचा नव्हता. मागे उभ्या असलेल्या रांगेचा, घड्याळाचा आणि पाच चोपन्नच्या गाडीचा होता. बाकावर माणूस फॉर्म भरता भरता आपली फाळणी, गिरणीचा संप, बायकोचं आजारपण सांगून मोकळा होतो आणि मला कुठेही पोचायचं नसतं.

पंचांगातली संवत्सरं साठ आहेत, त्यामुळे साठी झाली की माणूस आपल्याच जन्माच्या संवत्सरात परत येतो. माझी सुरुवात विश्वावसूत झाली, निवृत्तीही विश्वावसूत. पाडव्याला ते संपलं आणि लागलेल्या नव्या संवत्सराचं नाव आहे पराभव. पाडव्याच्या सकाळी यांनी पंचांग मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे पाहून हसू दाबलं. भाजीचं खातं परत घेण्याचा विचार मी त्याच दिवशी सोडला. पण निवृत्तीच्या पहिल्या वर्षाअखेरीला एक भरपाई मिळाली: ज्येष्ठ अधिक आलाय, 17 मेपासून 15 जूनपर्यंत. नोकरीत मुदतवाढ मिळाली नाही ती पंचांगाने दिली. मागचा अधिक, 2023 च्या श्रावणातला, मी दुकानातल्या अनारशांवर भागवला होता. यंदा तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, पीठ गुळात मुरवलं. तुपात एकही अनारसा हसला नाही. तेहतीस मोजून जावयापुढे ठेवले तेव्हा जावई तेवढा हसला. त्याने साखर आणि गूळ दोन्ही सोडलंय.

आता थोडं कामाचं. बाकावरच्या त्या महिन्यात मला दिसलं की कित्येक खात्यांना नॉमिनी एकतर नाहीच, किंवा असलेला कधीच गेलेला. यांच्या एका जुन्या खात्याला अजून सासूबाईच आहेत, त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. 1 नोव्हेंबर 2025 पासून एका ठेव खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. टक्के ठरवून सगळे एकाच वेळी, किंवा एकामागून एक. टक्क्यांची बेरीज शंभरच आली पाहिजे. लॉकरला फक्त एकामागून एक चालतात. तेव्हा आज पासबुक काढा, तिथे कुणाचं नाव आहे ते बघा आणि बदलायचं असेल तर उद्या बँकेत जा. आणि काउंटरवरची मुलगी जेवायला गेली असेल, तर तिला जेवू द्या.