वय विचारू नये, सीसी विचारावे

ब्रिटनमध्ये १७ वर्षांच्या पोराने स्पोर्ट्स कारचं नाव काढलं, की विमा कंपनीच्या अंगावर काटा येतो. तिथे गाड्यांचे १ ते ५० असे विमा-गट असतात. वरच्या गटातली गाडी आणि कोरं लायसन एकत्र आलं, की बऱ्याच कंपन्या लांबूनच हात जोडतात. साध्या हॅचबॅकमध्येही बऱ्याचदा काळी पेटी बसवून पोराचा वेग, ब्रेक, रात्रीची भटकंती मोजतात. पॉलिसीत मुख्य चालक बाप आणि गाडी कायम पोराच्या हातात, तर ती चक्क फसवणूक ठरते.

केवढा हा छळ! आपल्याकडे थर्ड पार्टी विम्याचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो. २०२२च्या दरपत्रकात १५०० सीसीवरच्या खासगी गाडीला वर्षाला ७,८९७ रुपये. मग ती पंढरपूरला निघालेल्या काकांची इनोव्हा असो, नाहीतर अठराव्या वाढदिवसाची लॅम्बोर्गिनी. चालवणार कोण, हे विचारणं म्हणजे घरच्या गोष्टीत नाक खुपसणं. राहिला परवडण्याचा प्रश्न, तर त्या सोयीला आपल्याकडे ‘बाबा’ म्हणतात.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार चालवणारा १७ वर्षांचा होता. गाडी कोटीच्या पुढची, पण नोंदणीचे १,७५८ रुपये भरायचे राहून गेले होते. त्या मुलाच्या जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध होता.

तमाम बाबांच्या माहितीसाठी: अल्पवयीन मुलाने मोटार वाहन कायद्याखालचा गुन्हा केल्यास त्याच कायद्याच्या कलम १९९-ए नुसार पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे विम्यात बसत नाही.