सुंठीनं आणलेला खोकला

सुंठ, लवंग, दालचिनी, जायफळ. ज्या पदार्थात ही मंडळी आहेत तो आपल्याला परका कसा असेल, असा साधा सरळ विचार मी केला आणि तिथंच माझे ग्रह फिरले. ॲबर्डीनला आमच्या शेजारी एक आजी राहतात, मूळच्या ऑर्कनी बेटांवरच्या. दर थंडीत त्या कागदात गुंडाळलेला जिंजरब्रेडचा ठोकळा आणून देतात. नाव ब्रेडचं, पण जात केकची. रंग काळपट तपकिरी, वरून चिकट, दाताखाली ओटचा रवाळपणा, आणि घास गिळल्यावर मागाहून घशात सुंठीची ऊब. यंदा आजींच्या हाताचं ऑपरेशन झालं, तेव्हा आमची ही म्हणाली, "या वेळी आपणच करून त्यांना देऊ." त्या 'आपण'मध्ये मी आहे, असं मला वाटलं. मी नव्हतो.

कुठलंही काम करण्याआधी त्यावर वाचत बसायचं ही माझी जुनी सवय. काम लांबतं आणि माणूस अभ्यासू दिसतो. तर वाचनात असं आलं की स्कॉटलंडात जिंजरब्रेड गावागणिक बदलतो. इथून इन्व्हर्नेसच्या रस्त्याला फोचाबर्स लागतं, तिथल्या जिंजरब्रेडमध्ये बेदाणे, बदाम आणि चक्क बिअर पडते. एडिंबरात पातळ, कडक 'पार्ली' होती, ती म्हणे पार्लमेंटचे सभासद खायचे. आणि ऑर्कनीची 'ब्रूनी', तिच्यात ओटचं पीठ आणि ताक. ब्रूनीची कृती एफ. मॅरियन मॅक्‌नील या बाईंनी १९२९ साली 'द स्कॉट्स किचन' या पुस्तकात दिली आहे, आणि त्याही ऑर्कनीच्याच. बिअर घालून केक बिघडवण्यापेक्षा ताक घालून बिघडवणं आपल्या संस्कृतीला धरून, म्हणून मी ब्रूनी ठरवली. शेजारी जाऊन आजींची चिठ्ठीही आणली. हिला मात्र मी काही बोललो नाही. ती कामावर गेली की आश्चर्याचा धक्का देणार होतो.

धक्का बसला.

या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे ट्रीकल. साखर शुद्ध करताना मागे उरतो तो काळा, दाट, कडसर पाक. आपल्या काकवीला ओळख दाखवील, पण स्वभाव तिच्याहून खूपच कडक. वेस्ट इंडीजमध्ये गुलामांच्या घामावर पिकलेल्या उसाची कच्ची साखर एके काळी क्लाइड नदीवरच्या ग्रीनॉक बंदरात उतरायची, आणि १७६५पासून तिथं ती शुद्ध करण्याचे कारखाने होते. गरिबाच्या केकात ट्रीकल शिरलं ते याच वाटेनं. हे सगळं मी वाचत होतो, म्हणजे मान पुस्तकात होती आणि हात डबा कलता करत होता. आजींनी चिठ्ठीत स्वच्छ लिहिलं होतं की डबा काट्यावर ठेवा, चमच्यानं काढत जा आणि वजन किती घटलं ते बघा. पण ओतता येत असताना काढायचं कशाला? ट्रीकलचं असं आहे की आधी ते येतच नाही, मग विचार करतं, मग एकदम येतं, आणि डबा सरळ केला तरी त्याची तार तुटत नाही. ती ओट्यावरून ड्रॉवरच्या मुठीवर, मुठीवरून बाहीवर, बाहीवरून चष्म्यावर रांगोळीसारखी फिरत राहते. नेमका त्याच वेळी हिचा फोन आला आणि मी तो उचलून कानाला लावला. लग्नानंतर प्रथमच मी हिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. फोन कानाला चिकटला होता.

पुढं लोणी, ब्राऊन शुगर आणि ट्रीकल मंद आचेवर विरघळवायचं, कोमट होऊ द्यायचं आणि मग त्यात फेटलेलं अंडं घालायचं. यातलं 'कोमट होऊ द्यायचं' एवढंच मी गाळलं. सुंठ घातलेली गोड भुर्जी वाईट लागते, हे मी जबाबदारीनं सांगतो.

नवं मिश्रण निगुतीनं केलं. पिठात सोडाही मोजून घातला. तोच ताकातल्या आणि ट्रीकलमधल्या आंबटपणाशी झोंबून केक फुगवतो. राहता राहिला ओव्हन. चिठ्ठीत आकडा होता ३२५, आणि आमच्या ओव्हनची चकती २५०वर संपते. मी मनाशी म्हटलं, बिचाऱ्या ओव्हनची ऐपतच तेवढी, आपण त्याला शेवटपर्यंत ढकलू, उरलेली कसर वेळेनं भरून काढू. ढकललं. आणि शांतपणे फोचाबर्सकडे वळलो.

आता स्कॉटलंडातला एक कायदा सांगतो. फेब्रुवारी २०२२पासून इथं प्रत्येक घरात आगीची सूचना देणारे भोंगे असावे लागतात. बैठकीत आणि जिन्यापाशी धुराचे, स्वयंपाकघरात उष्णतेचा, आणि सगळे एकमेकांशी जोडलेले, म्हणजे एक ओरडला की सगळे ओरडतात. स्वयंपाकघरातला भोंगा धुराकडे ढुंकून बघत नाही, त्यामुळे मला पत्ताच नाही. धूर सावकाश जिन्यापाशी पोचला आणि अख्खं घर एका सुरात किंचाळायला लागलं. मी स्टुलावर चढून पंचानं वारा घालतोय, कानाला ट्रीकल, डोळ्यांत पाणी, आणि ठसका काही थांबत नाही. सुंठीवाचून खोकला जातो असं लहानपणापासून ऐकत आलो होतो.

दारात आजी उभ्या. हात गळ्यात बांधलेला. त्यांनी ओव्हनकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्या पंचाकडे पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला, "फॅरनहाइट." त्यांचा ३२५ म्हणजे आमचा जेमतेम १६०. मग त्या खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांच्या देखरेखीखाली पुन्हा सगळं झालं. त्या घरी जाताना एवढंच म्हणाल्या, की तासभर दार उघडू नका. पीठ धरायच्या आत गार हवा शिरली तर केक मध्ये बसतो. हे शास्त्र मला पटलं होतं. पण तो बसला तर नाही ना, हे बघायला दार उघडावं लागतं.

बसला होता.

खरं तर ब्रूनी कागदात गुंडाळून दोन-तीन दिवस ठेवायची, म्हणजे ती मुरते आणि चिकट होते. ती मुरते आहे का, हे मी रात्री उठून सुरीनं तपासत राहिलो, त्यामुळे आजींकडे न्यायला उरला तो मधल्या खड्ड्याच्या आसपासचा भाग. हिनं तो चांगल्या बशीत मांडला. आजींनी तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून बराच वेळ चावला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "चव बरोबर आहे. आणि काळजी करू नका, पुढच्या वर्षी माझा हात बरा झालेला असेल."