गीझर की ग्राफिक्स

साक्कोट्टै हे कुंभकोणमला खेटून असलेलं गाव. प्रलयात वाहत आलेल्या अमृतकलशाचा एक भाग इथे येऊन थांबला, अशी इथल्या अमृतकलशनाथर देवळाची कथा. माझी सासुरवाडी इथलीच. व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावर मुलखात रुजलेलं मराठी घर. अशा निवांत घरात मेव्हण्याच्या चिरंजीवांनी जाहीर केलं, की गेमिंग कॉम्प्युटर बांधायचा आणि त्यात ग्राफिक्स कार्डं दोन बसवायची. पॉवर सप्लाय निवडायचा मान पुण्याच्या इंजिनिअर जावयाला.

हिशेब सोपा. आरटीएक्स 3090 चं एक कार्ड 350 वॉट खातं, दोन मिळून 700. प्रोसेसर जोरात आला की 250. पंखे, डिस्क वगैरे किरकोळ मंडळी धरली की आकडा हजारापार.

"म्हणजे अकराशेचा पुरे ना, काका?"

पुरे कसला! ही कार्डं मध्येच क्षणभर भलतीच उसळी घेतात. आमंत्रण पन्नासांना आणि पंगतीला शंभर, तसं. म्हणून 2022 च्या एटीएक्स 3.0 मानकात सप्लायने 100 मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसावा, अशी अट घातली आहे. दुबळा सप्लाय अशा वेळी स्वतःला वाचवायला बंद पडतो, तोही शत्रू समोर उभा असताना. तेव्हा निदान 1300 वॉट. शिवाय आठ पिनच्या एका जोडणीतून 150 वॉट घ्यायचे असतात. एकाच वायरीला दोन तोंडं काढून दोन्ही कार्डांना पाजायची काटकसर इथे चालत नाही.

मग प्रत आली: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम. जितकी वरची प्रत, तितकी वीज उष्णतेत कमी वाया जाते. 'गोल्ड' हा शब्द कानावर पडताच सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "घडणावळ किती?" आतापर्यंतच्या चर्चेतला हा सर्वांत मुद्देसूद प्रश्न होता.

खरी पंचाईत भिंतीत निघाली. भरात आलेलं हे यंत्र भिंतीतून साधारण 1150 वॉट ओढणार. साध्या 6 अँपिअरच्या पॉइंटची मजल 230 व्होल्टला 1380 वॉटपर्यंत, आणि त्याच पॉइंटवर एक्स्टेन्शन लावून मॉनिटर, स्पीकर, फोनचे चार्जर लटकणार. त्याला 16 अँपिअरचाच पॉइंट हवा. घरात तो एकच, गीझरचा. सासरे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "आंघोळ बंद होणार नाही."

बिलाचंही सांगून टाकतो. तमिळनाडूत घरगुती ग्राहकाला दोन महिन्यांना 100 युनिट फुकट मिळतात. रोज चार तास असा खेळ चालला, तर ते तीन आठवड्यांत संपतात. ज्या ग्राइंडरवर अख्ख्या घराच्या इडल्या होतात, तो बिचारा दीडशे वॉटच्या आसपास घुटमळतो.

आणि एवढं करून मिळतं काय? 2021 पासून या कार्डांच्या कंपनीने, एनव्हिडियाने, दोन कार्डं जोडून राबवायच्या 'एसएलआय' सोयीची नवी ड्रायव्हर प्रोफाइलं करणंच सोडलं. आजचे बहुतेक गेम दुसऱ्या कार्डाकडे ढुंकून पाहत नाहीत. ब्लेंडरमध्ये रेंडरिंग करणाऱ्याला दोन कार्डांचा खरा उपयोग होतो. हे ऐकल्यापासून भाचा अॅनिमेशन शिकण्याची भाषा करू लागला आहे.

माझा निकाल: एक कार्ड आणि चांगल्या प्रतीचा 850 वॉटचा सप्लाय. तुम्हाला दोन कार्डं घ्यायचीच असतील तर खुशाल घ्या. पण दुकानात जाण्याआधी 16 अँपिअरचा पॉइंट शोधा, आणि तो गीझरचा निघाला तर घरातल्या वडीलधाऱ्यांची आंघोळीची वेळ विचारून ठेवा.