कोथिंबिरीची कसोटी

अमेरिकेत मुलं असलेले आईबाप तिथल्या शहरांची तुलना करायला बसले, की आमच्या सोसायटीत संध्याकाळची फुकट करमणूक होते. कुणी घरातल्या बेडरूम मोजतं, कुणी नातवाच्या शाळेचा क्रमांक सांगतं, कुणी जावयाचा पगार सांगून वर 'आपल्याला काय करायचंय' असंही म्हणतं. मी या चर्चेत जरा वेगळ्या अधिकाराने उतरतो. माझी उभी नोकरी एस.टी.त झाली. निवृत्त झालो तो वाहतूक नियंत्रक म्हणून, म्हणजे जाळीच्या खिडकीआड बसून 'गाडी कधी येणार?' या प्रश्नाला 'येईल' असं उत्तर देणारा इसम. अशा माणसाला शहरातल्या इमारतींची उंची दिसत नाही. तो आधी थांबा शोधतो.

माझी कसोटी साधी आहे. सौ.ने गॅसजवळून 'अहो, कोथिंबीर संपली' असं म्हटलं, तर मुलाला फोन न करता, सुनेची मीटिंग न मोडता, कुणाच्याही गाडीत न बसता मी एकटा जाऊन जुडी घेऊन आमटी उकळेपर्यंत परत येऊ शकतो का? येऊ शकलो तर शहर पास. बाकी स्वातंत्र्यदेवीचा पुतळा वगैरे नंतर बघू.

थोरला टेक्सासात, डॅलसच्या बाजूला असतो, त्यामुळे अमेरिकेची सुरुवात तिथून झाली. घर प्रशस्त. इतकं, की सौ. वरच्या मजल्यावर असली तर मला खालून फोन करावा लागे. पण दारातून बाहेर पडलं की पुढे काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. फुटपाथ होता, म्हणजे चारशे पावलं होता. मग अचानक गवत, आणि गवतापलीकडे सहा पदरी रस्ता. मी एकदा हिंमत करून निघालो. जुलै महिना, दुपार. थोड्या वेळाने पोलिसांची गाडी शेजारी येऊन थांबली आणि आतल्या तरुणाने अतिशय अदबीने विचारलं, सगळं ठीक आहे ना? त्या गावात पायी चालणारा माणूस म्हणजे एकतर ज्याची गाडी बंद पडली आहे तो, नाहीतर ज्याचं डोकं बंद पडलं आहे तो. मला तो घरी सोडून गेला. कोथिंबीर राहिली.

याच भागात, डॅलस आणि फोर्ट वर्थच्या मधोमध, आर्लिंग्टन नावाचं शहर आहे. वस्ती चार लाखांच्या आसपास. फुटबॉलचं जगप्रसिद्ध स्टेडियम तिथे, बेसबॉलचं तिथे, आणि ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी धावणारी नगरपालिकेची बस एकही नाही! 2017 पासून मोबाइलवर बोलवायच्या छोट्या व्हॅन आहेत. ज्या खात्याने 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर अशी पहिली गाडी सोडली आणि पुढे डोंगरातल्या वाडीवर मुक्कामी एस.टी. नेली, त्या खात्याच्या माणसाला हे ऐकून रात्री झोप कशी लागावी?

ह्यूस्टनला भाच्याकडे गेलो, तर तिथे वेगळीच मौज. शहराचा विस्तार मुंबईच्या अडीच पटींहून जास्त आणि माणसं जेमतेम तेवीस लाख. कुठे काय बांधावं याचे झोनिंगचे कायदेच नाहीत, त्यामुळे बंगला, टायरचं दुकान आणि दातांचा दवाखाना गुण्यागोविंदाने शेजारी नांदतात. केटी फ्रीवे नावाचा तिथला रस्ता काही ठिकाणी, बाजूचे रस्ते धरून, सव्वीस पदरी आहे. 2008 मध्ये रुंदीकरण पुरं झालं आणि काही वर्षांत पुन्हा तशीच कोंडी झाली. यावर भाचा म्हणतो, अजून दोन पदर हवेत. हिलक्रॉफ्ट भागात महात्मा गांधींच्या नावाचा अख्खा परिसर आहे. तिथली कोथिंबीर मी पाहिलेल्यांत सर्वांत टवटवीत. पण गांधीजी दांडीपर्यंत चालत गेले, मला त्यांच्या नावाच्या वस्तीतसुद्धा गाडीनेच न्यावं लागलं.

लॉस एंजेलिसविषयी फार लिहीत नाही. तिथे अंतर विचारलं की मिनिटांत सांगतात, आणि ती मिनिटंही दुपारी एक आणि संध्याकाळी दुसरी. परीक्षेला गैरहजर.

आता न्यूयॉर्क. भुयारी रेल्वे 1904 पासून आहे, स्टेशनं 472, आणि गाडी चोवीस तास धावते. रात्री तीनला कोथिंबीर आणायची लहर आली, तरी खाली उतरून फलाटावर उभं राहायची सोय या शहराने करून ठेवली आहे. क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला पाच मार्ग एकत्र येतात. जिना चढून वर आलं की समोर चौऱ्याहत्तरावा रस्ता, साड्या, सोनं, जिलेबी आणि माझी जुडी. फलाटावर घोषणा होत होती. 'लेडीज अँड जंटलमन' एवढं कळलं, पुढचा एक शब्द कळेल तर शपथ. मला आपल्या मध्यवर्ती स्थानकात उभा असल्यासारखं भरून आलं. इथे शहर पैकीच्या पैकी गुण घेतं. तक्रार सौ.ची आहे. पुतण्याचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, भाडं ऐकून मी जिन्यातच बसलो, आणि स्वयंपाकघर एवढं की एकाने फ्रीज उघडला तर दुसऱ्याने बाहेर जायचं. "कोथिंबीर आणाल हो," सौ. म्हणाली, "पण निवडायची कुठे?" संध्याकाळी फुटपाथवर रचलेल्या कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांतून जे प्राणी इकडून तिकडे जात होते, त्यांचा विषय मी जेवणाच्या वेळी काढला नाही.

बोस्टनला दोनच दिवस होतो. अमेरिकेतली पहिली भुयारी रेल्वे त्यांची, 1897 ची, आणि हे ते तुम्ही न विचारता सांगतात. शिवाय तिथे नदीकाठी एक रस्ता आहे, त्यावरचे पूल बुटके. दरवर्षी 1 सप्टेंबरला विद्यार्थी घरं बदलतात आणि भाड्याने घेतलेल्या ट्रकची टपरं त्या पुलांखाली सोलून निघतात. उंचीच्या पाट्या आहेत, टांगलेले इशारे आहेत, तरी दरवर्षी. एवढी विद्यापीठं असलेल्या गावात!

लेक शिकागोला, शहराच्या उत्तर भागात. या गावाशी माझं जमलं आणि भांडणही तिथेच झालं. लोखंडी खांबांवरून, घरांच्या खिडक्यांना खेटून धडधडत जाणारी तिथली रेल्वे 1892 पासून आहे, आणि डेव्हन रस्त्यावरून 155 नंबरची बस जाते. पटेल ब्रदर्स या आता अमेरिकाभर पसरलेल्या किराणा दुकानांची सुरुवात 1974 मध्ये याच रस्त्यावर झाली. म्हणजे कोथिंबिरीचं तिथे पीठच आहे म्हणा ना. मराठी माणूसही इथे जुना: महाराष्ट्र मंडळ 1969 चं. आणि विवेकानंद 1893 च्या सप्टेंबरात जिथे बोलले, ती इमारत आज कलासंग्रहालय आहे, समोरच्या रस्त्याला त्यांच्या नावाची पाटी. जावयाने तिथे माझा फोटो काढला. हाताची घडी घातली होती, फेटा नव्हता.

उन्हाळाभर मी 155 ने हिंडलो. दोरी ओढली की बस थांबते, म्हणजे अमेरिकेतला प्रत्येक थांबा हा विनंती थांबाच. पंचवीस माणसांच्या बसमध्ये दोनदा लोकांनी उठून मला जागा दिली. मी लेकीला सांगून टाकलं, हे राहण्याजोगं शहर.

मग जानेवारी आला. या शहरात 2019 च्या जानेवारीत उणे तीसच्याही खाली पारा गेला होता, आणि रुळांचे सांधे गोठू नयेत म्हणून रेल्वेवाल्यांनी रुळांशेजारी गॅसच्या ज्वाळा पेटवल्या होत्या. मी गेलो तेव्हा इतकं नव्हतं, तरी नाकातला श्वास आतच थांबावा की बाहेर यावा या विचारात पडत होता. फलाटावर छताला लाल तापलेले दिवे असतात. बटण दाबलं की ऊब मिळते. त्याखाली मी, एक नर्स आणि कबुतरं असे सगळे दाटीवाटीने उभे. बर्फ उपसून मोकळी केलेली पार्किंगची जागा धरून ठेवायला लोक रस्त्यावर मोडक्या खुर्च्या मांडतात, अगदी आपण खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो तसं, आणि त्या खुर्चीला कुणी हात लावत नाही. ज्या शहराने गटाराचं पाणी तळ्यात जाऊ नये म्हणून 1900 मध्ये अख्खी नदी उलटी वाहायला लावली, त्याला जानेवारीचं काही करता आलेलं नाही. दुकानातून हिरवीगार जुडी घेतली, पिशवीतून घरी पोचेपर्यंत गोठून काळी पडली. सौ.ने ती दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात पाहिली आणि काही बोलली नाही. शिकागोला उन्हाळ्यात प्रथम श्रेणी, हिवाळ्यात एटीकेटी.

सिॲटलच्या पावसाची मला फार धास्ती घातली होती. वर्षाला साधारण साडेनऊशे मिलिमीटर! मुंबई दोन हजारांच्या वर जाते आणि त्याच दिवशी लोकलही गाठते. सिॲटलचा पाऊस पडत नाही, हवेत नुसता रेंगाळतो. तिथले लोक छत्री घेत नाहीत आणि माझी उघडलेली छत्री पाहून मला पाहुणा म्हणून ओळखत. पण एका गोष्टीसाठी या शहराचे सगळे अपराध माफ. बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणतात. शाळकरी पोरं म्हणतात, दारू प्यायलेला म्हणतो. नोकरीभर मी अनेक गोष्टी ऐकल्या, काही माझ्या आईवरूनही होत्या. हा शब्द नव्हता.

आणि सॅन फ्रान्सिस्को. साडूंचा मुलगा तिथे राहतो असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. प्रत्यक्षात तो साठेक किलोमीटरवर राहतो, पण तिथले सगळेच असं सांगतात. ऑगस्टात गेलो आणि स्वेटर विकत घेतला. कोथिंबिरीचा विचार मी त्या दिवशी केलाच नाही, कारण तिथे केबल कार आहे. 1873 पासून, रस्त्याखालून सरकणाऱ्या दोराला धरून ती डोंगर चढते, ताशी पंधरा किलोमीटर. आणि तीत कंडक्टर आहे! खराखुरा, माणूस, तिकीट विचारणारा. त्याने टणटण असे दोन टोल दिले आणि गाडी सुटली. शेवटच्या थांब्यावर लाकडी गोल फिरकीवर गाडी उभी करून कर्मचारी ती हातांनी ढकलून उलट्या तोंडाची करतात. धक्का मारायची माझी फार इच्छा होती. साडूंच्या मुलाने कोपराला धरून मागे ओढलं. तिकीट तेव्हा आठ डॉलर होतं. सौ. म्हणाली, एवढ्यात आपल्याकडे निम्मा महाराष्ट्र होतो.

तिकिटाचा तिचा मुद्दा वेगळाच आहे. पासष्टीवरच्यांना अमेरिकेच्या शहरी बसमध्ये निदान गर्दी नसलेल्या वेळी तरी अर्धं तिकीट असतं, ते मला लागू होतं. तिची पासष्टी अजून झालेली नाही. एस.टी.त बाईमाणसाला वय न विचारता अर्धं तिकीट मिळतं, तिथे मात्र पूर्ण मोजावं लागलं. एवढा पुढारलेला देश, असं ती प्रत्येक बसमध्ये म्हणत असे, कधीकधी ड्रायव्हरला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

तेव्हा मुलाकडे पहिल्यांदा निघालेल्यांना माझं एवढंच सांगणं: बेडरूम किती, बॅकयार्ड केवढं, देऊळ किती लांब हे विचारू नका. 'घरापासून बस कुठे थांबते?' एवढं विचारा. त्याने लगेच नंबर सांगितला, तर खुशाल सहा महिन्यांचं परतीचं तिकीट काढा. 'बाबा, मी आहे ना सोडायला' असं म्हणाला, तर दोन महिन्यांचं काढा, आणि कोथिंबिरीचं बी कुंडीत लावून द्यायला जातोय असं समजा.