पॅनेल बसलं, आता फोन उचला

आमच्या शेजारच्या काकू सकाळी साडेसहाला बादली आणि लांब दांड्याचं मॉप घेऊन गच्चीवर जातात. पॅनेल तापायच्या आत धुवायचं, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. स्वतःच विचारपूस करून शिकल्या. 540 वॉटची सहा पॅनेलं, म्हणजे 3 किलोवॉटच्या थोडं वर. मे महिन्यात बसवली. तेव्हापासून रोज संध्याकाळी इन्व्हर्टरच्या काचेवरचा आकडा शंभर पानी वहीत उतरतो. जूनच्या सुरुवातीला बारा, तेरा युनिट. पावसात चार, पाच, कधी तीन. ऑक्टोबरात पुन्हा बारा. आणि नोव्हेंबरात, आभाळ निरभ्र असताना, आठ.

काकूंनी बसवणाऱ्याला फोन केला. वाजला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याने नंबर बंद.

शेवटी गल्लीतला आयटीआय झालेला एक मुलगा आला. त्याने मल्टिमीटर पिशवीतून काढलाही नाही. दुपारी अडीचला गच्चीवर उभा राहिला आणि बोट दाखवलं. दक्षिणेच्या कठड्याजवळच्या पाण्याच्या टाकीची सावली दोन पॅनेलांवर आडवी पडली होती. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा ती टाकी कुणाला नडत नव्हती. हिवाळ्यात तो दक्षिणेला कलला आणि सावली लांबली. पॅनेलं एका माळेत जोडलेली असतात. दोनांवर सावली आली की अख्ख्या माळेला फटका बसतो. त्यासाठी आत बायपास डायोड असतो, पण त्याने नुकसान कमी होतं, टळत नाही. प्लंबर बोलावून टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात नेली. आकडा अकरावर आला.

नव्या वर्षात घरगुती सोलरच्या धंद्याचं काय होणार, असं मला विचारलंत तर माझं बोट त्या टाकीकडे जाईल. पंचवीस वर्षं चालणारी वस्तू हा धंदा महिनाभराच्या ओळखीवर विकतोय. ती ओळख लांबली तर 2026 चांगलं जाईल. नाही लांबली तर गच्च्यांवर काच वाढेल आणि लोकांचा विश्वास उडेल.

योजना चांगली आहे, हे आधी मोकळेपणाने म्हणतो. 29 फेब्रुवारी 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम सूर्यघर योजनेला मंजुरी दिली, 75,021 कोटी रुपयांची, एक कोटी घरांसाठी. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, म्हणजे जास्तीत जास्त 78 हजार सबसिडी थेट खात्यात. मध्यमवर्गीय घराने गच्चीकडे कपडे आणि पापड वाळवण्यापलीकडे बघायला सुरुवात केली ती या आकड्यामुळे. सप्टेंबर 2025 पासून पॅनेलांवरचा जीएसटीही 12 वरून 5 टक्क्यांवर आला. पैशाच्या बाजूने इतकी अनुकूल वेळ या धंद्याला पूर्वी कधी आली नव्हती.

आता भाकीत. योजनेची मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत आहे आणि एक कोटीच्या निम्म्यालाही गाडी पोचलेली नाही. म्हणजे येतं वर्ष घाईचं. टार्गेट येणार, मेळावे भरणार, गावोगाव मंडप पडणार, मार्चअखेरीला तर एका दिवसात दोन-दोन गच्च्या उरकल्या जाणार. घाईत पहिला बळी अर्थिंगचा जातो. खड्डा हातभर खोल खणायचा, त्यात थोडं मीठ-कोळसा टाकायचा, वरून झाकण लावायचं, झालं. फोटोत खोली दिसत नाही. वीज पडते तेव्हा दिसते.

दुसरा बळी सांगाड्याचा. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत पत्रे कागदासारखे उडाले. पॅनेल म्हणजे वाऱ्यासमोर धरलेलं शीड. स्लॅबमध्ये नांगर किती खोल गेलाय, नट गॅल्वनाइज्ड आहे की नुसता चकाकतोय, हे बघितल्याशिवाय सही करू नका. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत साधा नट पाचवा पावसाळा बघत नाही.

एक जुना गैरसमजही या वर्षी मोडायला हवा. विदर्भात ऊन जास्त, म्हणून मे महिन्यात वीज धोधो, असं विकणारा सर्रास सांगतो. पॅनेलला उजेड लागतो, उष्णता नाही. त्याची क्षमता मोजतात 25 अंश सेल्सियसला. त्याच्या वर प्रत्येक अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्के घट होते. मेच्या दुपारी पॅनेलचं अंग साठ अंशांच्या पुढे जातं. हिशेब करा, दहा टक्क्यांहून जास्त वीज उन्हानेच खाल्ली. म्हणून पॅनेल स्लॅबला चिकटवू नये, खालून वारा खेळू द्यावा. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. दोन लाखांच्या आसपासची वस्तू विकणाऱ्याने ती दोन मिनिटं द्यावीत.

आणि लाइट गेल्यावर काय होतं, हेसुद्धा त्याने पैसे घेण्याआधी सांगावं. काकूंकडे पहिल्यांदा भर दुपारी लाइट गेली तेव्हा त्या निश्चिंत होत्या, वर सहा पॅनेलं आहेत म्हणून. पंखा थांबला. त्यांना वाटलं, काहीतरी जळलं. जळलं काहीच नव्हतं. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की आपणहून बंद पडतो, आणि तो बंद पडलाच पाहिजे. नाहीतर आपल्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. नियम शहाणा आहे. पण तो ज्याला सांगितला नाही त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्या वाटण्यात तथ्य आहे.

याच फटीतून या वर्षी बॅटरी आत शिरणार. हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी हे 2026 चे विक्रीचे शब्द असतील, लिहून ठेवा. माझं मत सरळ आहे. शहरात जिथे महिन्यातून दोन-तीन तास लाइट जाते आणि नेट मीटर नीट चालतं, तिथे ग्रिड हीच तुमची बॅटरी. दिवसा दिलेलं युनिट रात्री परत मिळतं, आणखी लाखभर घालायची घाई करू नका. मात्र दापोली-मंडणगडच्या वाडीत, जिथे निसर्गनंतर कित्येक घरांनी आठवड्यांमागून आठवडे अंधारात काढले, तिथे बॅटरीला चैन म्हणायचं कारण नाही. तिथे आरोग्य केंद्रातली लसीची पेटी आणि घरातलं मोबाइलचं चार्जिंग त्यावर अवलंबून असतं. सरकारने बॅटरीला हात द्यायचा असेल तर आधी तिथे द्यावा.

नेट मीटरचा विषय निघालाच आहे तर माझी सगळ्यात मोठी आशा इथेच सांगतो. 2025 च्या सुरुवातीला वीजदराच्या प्रस्तावावरून महाराष्ट्रात सोलरवाल्या घरांमध्ये भीतीची लाट आली होती. दिवसा बनलेली वीज दिवसाच वळती होणार, रात्रीच्या वापराचे पैसे भरावे लागणार, अशी. नोकरी करणाऱ्या घरात दिवसा असतो कोण? फ्रिज आणि आजी. विजेचा खरा वापर संध्याकाळी सातनंतर. त्या दोन महिन्यांत कर्ज मंजूर झालेल्या लोकांनीसुद्धा ऑर्डर थांबवल्या होत्या, मी स्वतः अशा तीन घरांत बसून चहा प्यायलोय.

वीज कंपन्यांची अडचण मला कळते. दुपारी सगळ्यांची वीज एकदम येते, संध्याकाळी सगळ्यांना एकदम हवी असते, आणि ती कुठून तरी महाग विकत आणावी लागते. ही अडचण खोटी नाही. म्हणून दिवसाच्या वापराला सवलत द्या, लोकांना वॉशिंग मशीन आणि पाण्याची मोटर दुपारी लावायला शिकवा, नव्या ग्राहकांसाठी नवे नियम करायचे तर चर्चा करून करा. पण ज्याने आज दोन लाख घातले, त्याला आजचा नियम निदान दहा वर्षं तरी मिळेल हे लेखी द्या. मुद्दल सुटायलाच चार-पाच वर्षं लागतात. दर वर्षी दर-आदेशाच्या दिवशी छातीत धडधड होणार असेल, तर माणूस पैसे मुदत ठेवीतच ठेवेल.

बिलाचंही बघा. काकूंचं नेट मीटर बसलं आणि पुढची दोन बिलं जुन्याच हिशेबाने आली. मीटर भिंतीवर होतं, संगणकात नव्हतं. तीन हेलपाटे, दोन अर्ज, एक फोटो. हातात वही होती म्हणून काकूंचं ऐकून घेतलं गेलं. ज्याच्याकडे वही नसेल त्याने काय करायचं? या वर्षी एवढं एक झालं तरी मी समाधान मानीन: मीटर बसल्यानंतरच्या पहिल्याच बिलात आत आलेली युनिटं, बाहेर गेलेली युनिटं आणि शिल्लक, असे तीन आकडे मराठीत, ठळक, एकाखाली एक यावेत. मार्चअखेर शिल्लक युनिटांचा हिशेब मिटतो आणि ती आपण विकत घेतो त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने मोजली जातात. त्यामुळे गरजेपेक्षा मोठा प्लांट गळ्यात मारणाऱ्यापासूनही सावध राहा. महिन्याला दीडशे युनिट लागणाऱ्या घराला पाच किलोवॉट कशाला?

1 जूनची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा. त्या दिवसापासून पॅनेलच्या आतला सेलसुद्धा सरकारच्या मान्य यादीतला असला पाहिजे, असा केंद्राचा आदेश आहे. सबसिडीच्या पॅनेलला देशी सेलची अट आधीपासूनच होती, आता ती सबसिडीबाहेरच्यांनाही लागू होईल. माझा अंदाज, एप्रिल-मे महिन्यांत जुना माल संपवायची धावपळ होईल आणि देशी सेलचा तुटवडा काही महिने जाणवेल. स्वस्तात मिळतंय म्हणून बिनयादीचं पॅनेल घेऊ नका. प्रत्येक पॅनेलच्या मागे अनुक्रमांक असतो, तो बसवायच्या आधी मोबाइलवर टिपून घ्या. वर चढल्यावर तो वाचता येत नाही.

फ्लॅटवाल्यांबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण त्यांच्याबद्दल कुणीच बोलत नाही. पुणे, ठाणे, नाशिक इथला निम्मा मध्यमवर्ग दुसऱ्याच्या डोक्यावर राहतो. गच्ची सोसायटीची, भांडण सगळ्यांचं. सामाईक वापरासाठी सोसायटीला किलोवॉटमागे 18 हजारांची सबसिडी आहे. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे त्यावर चालतात, मेंटेनन्स खरोखर कमी होतो. पण चौथ्या मजल्यावरच्या बाईंच्या स्वयंपाकघरात त्यातलं एक युनिटही येत नाही. त्यासाठी व्हर्च्युअल नेट मीटरिंग लागतं: प्लांट एका जागी, युनिटांची वाटणी अनेक बिलांत. दिल्लीच्या वीज आयोगाने त्याची मार्गदर्शक तत्त्वं 2019 सालीच काढली. आपल्याकडे ही सोय सोसायटीच्या नोटीस बोर्डावर साध्या अर्जाच्या रूपात लागली, तर 2026 ची सगळ्यात मोठी बातमी मी तिलाच म्हणेन. पॅनेलांच्या किमतीपेक्षाही मोठी.

गरिबांसाठी राज्याने एक चांगलं पाऊल टाकलंय. राज्याच्या स्मार्ट योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घराला एका किलोवॉटसाठी केंद्राचे 30 हजार, राज्याचे साडेसतरा हजार, आणि पदरचे फक्त अडीच हजार. एक किलोवॉट म्हणजे महिन्याला सव्वाशेच्या आसपास युनिटं. दोन खोल्यांच्या घराचं त्यात भागतं. पण ज्या घरावर स्लॅबच नाही, जुना सिमेंटचा पत्रा आहे, तिथे शंभर चौरस फुटांचा सांगाडा उभा कुठे करायचा? साताऱ्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्याचं पहिलं सौरग्राम झाली, 2024 मध्ये. अख्खं गाव एकत्र आलं म्हणून झाली. वेगळ्या छपरांचा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर प्रत्येक घराच्या पत्र्यावर चढून शोधावं लागेल, मुंबईच्या बैठकीत नाही.

त्यासाठी माणसं लागतील. माझ्या सगळ्या आशा शेवटी त्या आयटीआयच्या मुलापाशी येऊन थांबतात. योजनेच्या नियमाप्रमाणे बसवणाऱ्याने पाच वर्षं देखभाल करायची आहे. कागदावर. ती प्रत्यक्षात यायची तर तालुक्याला पाच-दहा मुलं तयार हवीत. शिडी, सेफ्टी बेल्ट, डीसी वायरची भीती आणि ज्ञान दोन्ही असलेली. डीसीची ठिणगी एसीपेक्षा वेगळी, ती सहज विझत नाही. कनेक्टर सैल राहिला तर ठिणगी धुमसत राहते. हे त्यांना पगार देऊन शिकवावं लागेल, आणि वर चढण्याचे पैसे वेगळे द्यावे लागतील. पॅनेल विकणाऱ्याला कमिशन मिळतं, दुरुस्त करणाऱ्याला चहा. हे प्रमाण या वर्षी बदललं पाहिजे. सबसिडीचा एक छोटा हिस्सा तिसऱ्या वर्षापर्यंत राखून ठेवा. प्लांट चालू आहे, ग्राहकाची सही आहे, मग बसवणाऱ्याला तो द्या. बघा फोन कसे उचलले जातात.

काल काकूंकडे गेलो होतो. जुनी वही संपलीय. नव्या वहीचं पहिलं पान त्यांनी पट्टी लावून आखलं होतं, 1 जानेवारीपासून. तारीख, बनलेली युनिटं, बाहेर गेलेली, आत आलेली. आणि लाल पेनाने एक पाचवा रकाना: फोन उचलला का.